चौथा पंखा

“सेवकराम, आज दुपारी आत आणखी कोण आलं होतं?”

“कुठं आत जी?”

“सर्व्हरच्या खोलीत.”

सेवकरामाने चहाची किटली टेबलावर टेकवली आणि बोटांवर मोजायला सुरुवात केली. “तुमी. वांढरे बाबू. शालूताई. मोजनीवाले तिघं. अन् मी. सात झाले.”

“मग हे आठ का दाखवतंय?”

त्याने माझ्या खांद्यावरून वाकून पडद्याकडे पाहिलं. सेवकराम नन्नावरे म्हणजे आमच्या कार्यालयाचा शिपाई. मशीनचं म्हणणं त्याने लगेच मान्य केलं असं कधी झालं नाही.

“त्याले ऊन लागलं असन,” तो म्हणाला. “बाजूले कांदा ठेवून पाहा.”

ही गोष्ट दोन हजार तीन सालच्या मे महिन्यातली, चंद्रपूरची. चंद्रपूरचा मे ज्याने पाहिला नाही त्याला तो सांगून कळत नाही, आणि ज्याने पाहिला त्याला सांगावा लागत नाही; म्हणून तो वगळून पुढे जातो. आमचं कार्यालय होतं विहीर-पातळी नोंद केंद्र. तीन मोजणीवाले पहाटे पाचला निघून गावोगावच्या विहिरींत फीत सोडायचे आणि पाणी किती खोल गेलं ते लिहून आणायचे. शालूताई मत्ते ते आकडे संगणकात भरायच्या. हेडक्लार्क वांढरे बाबू ते बरोबर आहेत असं म्हणायचे. मग सगळे आकडे सर्व्हरमध्ये जाऊन बसायचे. पाणी दर वर्षी खाली जात होतं आणि आकडे दर वर्षी वर चढत होते, त्यामुळे केंद्राची प्रगती समाधानकारक होती.

सर्व्हरची खोली बारा बाय दहाची. इमारतीतला एकुलता एक एसी तिथं होता. ही थंडी सरकारने मशीनसाठी मंजूर केली होती, माणसांसाठी नव्हे. फायलीत तसं स्वच्छ लिहिलेलं होतं.

मी पिदुरकर, तिथला संगणकवाला. सर्व्हर आला तेव्हा त्याची तब्येत पाहणारा तयार कार्यक्रम कंपनीकडे विकत मिळत होता. मुख्यालयाने कळवलं, ‘सदर कार्यक्रम स्थानिक पातळीवर तयार करण्यात यावा.’ स्थानिक पातळी म्हणजे मी. मी तयार केला आणि त्याचं नाव ठेवलं ‘नाडी’. नाडी दर पाच मिनिटांनी मशीनचा ताप बघायची, खोलीतल्या हवेचा ताप बघायची, चारही पंखे किती वेगाने फिरतात ते मोजायची, डिस्कांची विचारपूस करायची, आणि दर तासाला एक वाक्य लिहायची: ‘पंखे चारही फिरतात. ताप नाही. काळजीचे कारण नाही.’ कंपनीच्या कार्यक्रमात एवढं सांगायला सतरा हिरवे दिवे लागत.

दुपारचे दोन वाजले की आम्ही सगळे त्या खोलीत जायचो.

जायचो म्हणजे कुणी ठरवून जात नसे. बाहेर रस्त्यावरचं डांबर मऊ पडलेलं असायचं, खुर्चीचा लोखंडी हात चटका द्यायचा, फायलींचे कागद पापडासारखे वाजायला लागायचे. मग कुणाला तरी आतलं काहीतरी तपासायची आठवण व्हायची. सेवकराम करगोट्याला बांधलेली किल्ली सोडायचा आणि दार उघडायचा. त्या दारातून बाहेर येणारा पहिला थंड झोत तोंडावर घेताना माणसाला आपलं लहानपण, आपलं आजोळ, न केलेल्या पुण्याचं फळ, असं काय काय आठवायचं. रॅकच्या पलीकडे शालूताईंची खुर्ची. त्या टेबलावर डोकं टेकून पदर ओढून घ्यायच्या. रॅकच्या अलीकडे सेवकराम लांब सतरंजी अंथरायचा. आम्ही सहा जण ओळीने. दिवा बंद. अंधारात मशीनचे हिरवे ठिपके लुकलुकायचे आणि चार पंख्यांचा एकच एक घुमारा खोलीत भरून राहायचा. भरल्या विहिरीवर वाकून कान दिला तर येतो ना, तसा आवाज. मोजणीवाल्यांपैकी एक जण म्हणायचा, सकाळी ज्या विहिरीचा तळ बघितला तीच दुपारी इथं काठोकाठ भरलेली दिसते. आम्ही सगळे त्या विहिरीत उतरायचो. खालून वर बघितलं की आकाशाचा वाटोळा तुकडा, आणि त्यात हिरव्या चांदण्या.

चार वाजता सेवकरामाची किटली वाजायची की वर यायचो.

आता हे सगळं नाडीला दिसत होतं. झोपलेलं माणूस म्हणजे एक लहानशी शेगडीच. दोनच्या सुमारास खोलीचा ताप हलके हलके वर चढायचा आणि चारनंतर उतरायचा. आलेखावर रोज तीच टेकडी. एकदा शालूताई रजेवर होत्या त्या दिवशी टेकडी पाव अंशाने खुजी झाली, तेव्हा मला शोध लागला. दरमाणशी पाव अंश! वांढरे बाबू लग्नाला गेले तेव्हा थोडी जास्त उतरली. ते सव्वा माणूस निघाले. मी रिकामा होतो आणि हुशार होतो, या दोन गोष्टी एकत्र आल्या की माणूस जे करतो ते मी केलं. नाडीत आणखी एक रकाना वाढवला. त्याचं नाव ‘माणसे’; पडद्यावरच्या तासाच्या वाक्यातही तो आकडा यायला लागला.

पंधरा दिवस नाडीने रोज सात माणसं दाखवली. चुकून सहा नाही, आठ नाही. मला तिचा अभिमान वाटायला लागला होता. आणि मग आठ. दुसऱ्या दिवशी आठ. तिसऱ्या दिवशीही आठच.

“कांदा ठेवला का?” सेवकरामाने विचारलं.

आठवड्याभर मी कार्यक्रमातला दोष शोधत होतो. दोष सापडला नाही, पण एक गोष्ट ध्यानात आली. आठवं माणूस दोनला येत नव्हतं. ते दोन वीसच्या पुढे यायचं, सगळे गाढ झोपल्यावर. आणि तीन चाळीसला, कुणी उठायच्या आधी, जायचं.

इथं वारंग साहेबांबद्दल सांगायला हवं. ते फेब्रुवारीत आमच्याकडे बदलून आले. मूळचे वेंगुर्ल्याचे. बुटके, ताठ, आणि डोळे कायम लाल. ते डोळे रागाने लाल असतात असं कार्यालयाचं एकमत होतं, कारण बाकीचा चेहराही त्याला जुळेल असाच होता. सरकारने त्यांना आठ खोल्यांचा बंगला दिला होता, तरी ते रात्री नऊपर्यंत कार्यालयातच बसायचे. बायको आणि म्हातारी आई गावी. एप्रिलमध्ये त्यांनी एक परिपत्रक काढलं: सर्व्हर कक्षात निद्रा घेताना कुणी आढळल्यास, कक्षाची किल्ली ज्याच्या ताब्यात आहे त्यास जबाबदार धरण्यात येईल आणि त्याचा करार जूनमध्ये वाढवला जाणार नाही.

किल्ली कुणाकडे, ते मी सांगितलंच. सेवकराम अकरा वर्षं करारावर होता. दर जूनमध्ये एक सही, की पुढचं एक वर्ष. सही झाली नाही की वयाच्या बावन्नाव्या वर्षी त्याने कुठं जायचं, याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं आणि आमच्याकडेही नव्हतं. परिपत्रक वाचल्याची पहिली सही त्याचीच. “मोठं सुंदर लिवलं साहेबानं,” तो म्हणाला. “निद्रा म्हने!”

“मग आता बंद करू या का?” शालूताईंनी विचारलं.

यावर विचार करायला आम्ही सगळे थंड जागी बसलो. चारला उठलो.

साहेब दोन ते चार आपल्या केबिनचं दार लावून फायली वाचायचे आणि त्या वेळात त्यांना हाक मारायची नाही असा सक्त हुकूम होता. त्यांच्या शिस्तीवर आमचा इतका विश्वास होता की आम्ही त्या शिस्तीच्या आधाराने झोपत होतो.

पण आठवा कुणी बाहेरचा असेल आणि त्याने बाहेर तोंड उघडलं, तर सेवकराम संपला. म्हणून मी जागं राहायचं ठरवलं. पहिल्या दिवशी दाताखाली हिरवी मिरची धरून पडलो. चारला उठलो तेव्हा मिरची उशाशी होती आणि नाडी आठ म्हणत होती. दुसऱ्या दिवशी सतरंजी सोडून फरशीवर बसलो, पाठ टोचेल अशी रॅकला टेकून. पाठ टोचत राहिली, मी झोपलो. त्या घुमाऱ्यापुढे कुणाचं काही चालत नसे.

तेव्हा डोक्यात आलं, की आवाजाने माणसाला झोप लागते आणि आवाज थांबला की जाग येते. चार पंख्यांतला चौथा पंखा जास्तीचा होता, बाकीच्या तिघांपैकी एखादा आजारी पडला तर असावा म्हणून बसवलेला. मी नाडीला एक नियम शिकवला: माणसं आठ झाली की चौथा पंखा अर्धा मिनिट बंद ठेव.

त्या दुपारी मी मुद्दाम आधी झोपलो.

जाग आली ती कुणीतरी हातातला हात काढून घ्यावा तशी. घुमारा पातळ झाला होता. मी मान न हलवता डोळे उघडले. हिरव्या उजेडात ओळ दिसली. मी, मोजणीवाले तिघे, वांढरे बाबू, मग बाबूंच्या आणि सेवकरामाच्या मध्ये एक जागा. रोज सुटलेली असायची, मी कधी विचार केला नव्हता. त्या जागेत वारंग साहेब झोपले होते.

बूट दाराशी जोडीने ठेवलेले, मोजे घडी करून बुटांत. शर्टाचं वरचं बटण उघडं. डोळ्यांवर रुमाल. डोक्याखाली टॉवेलची घडी होती आणि शेजारी तांब्या झाकून ठेवलेला. तांब्या सेवकरामाचा होता. वांढरे बाबूंचा सव्वा माणसाचा हात साहेबांच्या छातीवर पडला होता आणि तो त्यांनी तसाच राहू दिला होता. एवढ्यात साहेब कुशीवर वळले आणि झोपेत, मी कधी न ऐकलेल्या बारीक आवाजात म्हणाले, “दार लाव गो, आये.”

चौथा पंखा सुरू झाला. विहीर पुन्हा भरत आली. मीही गेलो.

चार वाजून पाच मिनिटांनी केबिनमधून गर्जना झाली. “पिदुरकर! कालचा तक्ता अजून टेबलावर नाही. या कार्यालयाला आळसाने पोखरलंय!”

“आणतो, साहेब,” मी म्हणालो.

मी कुणाला काही बोललो नाही. नियमही काढला नाही. काढायचा राहिला, असं मी इतकी वर्षं म्हणत आलोय. रोज दोन पंचवीसच्या सुमारास पंखा थांबायचा, मी डोळे उघडायचो, ओळ बघायचो, पंखा सुरू झाला की डोळे मिटायचो. साहेब रुमालाखाली स्वस्थ. त्या अर्ध्या मिनिटात मला जेवढं बरं वाटायचं तेवढं उरलेल्या दिवसात वाटत नसे. त्यांचे डोळे आता थोडे कमी लाल दिसतात, असं शालूताई म्हणाल्या. वांढरे बाबूंनी त्याचं श्रेय ताकाला दिलं.

अशा आठ दुपारी गेल्या. नवव्या दिवशी पुण्याहून, मुख्यालयातून, उपासनी मॅडम आल्या.

चूक माझीच. रोजचा कागद साहेबांच्या सहीसाठी छापताना मी ‘माणसे’ हा रकाना लपवला होता. पण दर शनिवारी नाडी सगळ्या नोंदी आपोआप मुख्यालयाला पाठवायची, त्यात लपवायला मी विसरलो होतो. मुख्यालयात कुणी नोंदी वाचत असेल अशी शंका मला कधी आलीच नाही.

मॅडम पन्नाशीच्या, सुती साडी, ओल्या फडक्यात गुंडाळलेली पाण्याची बाटली. केबिनमध्ये बसल्या नाहीत. म्हणाल्या, “खोलीतच बसू. प्रश्न खोलीचा आहे.” दुपारचे दोन वाजले होते. आयुष्यात पहिल्यांदाच आम्ही सगळे त्या खोलीत दिवा लावून उभे होतो, साहेबांसकट. सतरंजी गुंडाळून कोपऱ्यात उभी होती. तीही हजर असल्यासारखी.

“मी भांडायला आलेली नाही,” मॅडम म्हणाल्या. “मशीनच्या खोलीचा ताप रोज दोन ते चार वाढतो. एसी चांगला आहे, दार नीट लागतं. मग या रकान्यात सात, सात, सात, आणि तीन मेपासून आठ. हे आठ काय आहे?”

“तो प्रयोग आहे, मॅडम,” मी म्हणालो. “अजून कच्चा आहे.”

“कार्यालयात माणसं किती?”

आकड्यात विचारलेल्या कुठल्याही प्रश्नाला खरं उत्तर देणं हा वांढरे बाबूंचा आजार होता. “साहेब धरून आठ,” ते म्हणाले, आणि मग स्वतःचंच उत्तर ऐकून त्यांचा चेहरा बदलला.

“साहेब धरून,” मॅडम म्हणाल्या. त्यांनी साहेबांकडे पाहिलं नाही. कुणीच पाहिलं नाही. चारही पंखे फिरत होते.

“आठवा मी आनतो जी,” सेवकराम म्हणाला.

“तुम्ही?”

“होय जी. माहा साला आहे. बल्लारपूरले राहते. टिनाचं घर आहे त्याचं, दुपारी भट्टी होते नुसती. मी दार उघडून देतो, तो येऊन झोपते. याईचा कोनाचा काही संबंध नाही.”

“नाव काय त्याचं?”

सेवकरामाने छताकडे पाहिलं, फरशीकडे पाहिलं, सतरंजीकडे पाहिलं. “नाव ध्यानात नाही जी.”

“सख्ख्या मेहुण्याचं?”

“लय साले आहेत, मॅडम.”

मोजणीवाल्यांपैकी एकाला खोकला आला. मॅडमनी वही उघडली. “किल्ली तुमच्या ताब्यात. बाहेरचा माणूस तुम्ही आत घेता. बाकीचे झोपतात तेही तुमच्याच दारातून जाऊन. तुमचा करार जूनमध्ये संपतो ना?”

“होय जी.”

“मग मला लिहावं लागेल.” आणि त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

साहेबांचं नाव घेतलं तर साहेब जातात, नाही घेतलं तर सेवकराम. सेवकराम करगोट्याची गाठ सोडून किल्ली हातात घेत होता, देऊन टाकायला.

“थांबा,” वारंग साहेब म्हणाले.

त्यांनी शर्टाच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला. खूप वेळा उघडून मिटलेला कागद होता तो. त्यांनी तो मॅडमच्या हातात दिला. मी शेजारीच होतो म्हणून मला दिसला. वर तारीख, तीन मे. खाली साहेबांचं ताठ अक्षर: ‘सर्व्हर कक्षात निद्रा घेताना आढळलेले कर्मचारी. एक, वांढरे. दोन, पिदुरकर. तीन, नन्नाव’ आणि तिथं अक्षर संपलं होतं. त्या ‘व’च्या शेपटातून एक रेघ निघाली होती, ती डुलत डुलत कागदाच्या तळापर्यंत गेली होती.

“ही रेघ कसली?” मॅडमनी विचारलं.

“ती झोप आहे,” साहेब म्हणाले.

मॅडमनी चष्मा काढला.

“मी यांना पकडायला आलो होतो,” साहेब म्हणाले. भिंतीकडे बघून, एखादं निवेदन वाचावं तसे. “दार लोटलेलं होतं. सगळे ओळीने झोपलेले. नावं लिहायला जरा टेकलो. वेंगुर्ल्याला आमच्या घरात पंधरा माणसं, ओळीने झोपायची. पुढे वसतिगृह. मग संसार. एकट्याने झोपायची वेळ कधी आलीच नाही, मॅडम. इथं आठ खोल्या आहेत. फेब्रुवारीपासून मी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जातो. त्या दिवशी तिसरं नाव लिहिता लिहिता… तीन चाळीसला जाग आली. यादी अपुरीच राहिली. रोज पुरी करायला म्हणून येतो.”



“द्या इकडे,” त्यांनी मॅडमच्या हातून कागद आणि पेन दोन्ही घेतलं. रॅकवर कागद ठेवून, रेघ ओलांडून त्यांनी ‘रे’ लिहिला. मग शालूताई, मोजणीवाले तिघे, क्रमाने. आठव्या आकड्यापुढे स्वतःचं पूर्ण नाव, हुद्दा आणि सही. “आणि किल्ली माझ्या आदेशाने उघडली जात होती, असं लिहा.”

“आदेश लेखी होता?”

“तोंडी.”

“कुणाला दिला?”

“कुणालाच ऐकू गेला नाही. सगळे झोपले होते.”

मॅडमनी कागदाची घडी घातली, तीही जुन्या घड्यांवरूनच. मग माझ्याकडे वळल्या. “कार्यक्रम तुम्ही लिहिलात?”

“हो, मॅडम.”

“सर्व्हरची तब्येत कशी आहे?”

“उत्तम आहे.”

“मग तेवढंच सांगत जा. तो रकाना काढून टाका.”

संध्याकाळच्या गाडीने त्या गेल्या. सेवकरामाला मी बाजूला घेऊन विचारलं, “तुला माहीत होतं?”

“मले काय मालूम जी? मी त झोपलो होतो.”

“आणि ते टॉवेल, तांब्या?”

“उन्हाचे दिवस आहेत,” तो म्हणाला. “तांब्या ठेवा लागते.”

जूनच्या पहिल्या आठवड्यात दोन कागद आले. एक सेवकरामाचा, करार एक वर्षाने वाढवला होता. त्याने तो दोनदा माझ्याकडून वाचून घेतला आणि तिसऱ्यांदा शालूताईंकडून, माझ्या वाचण्यावर भरवसा नव्हता म्हणून. दुसरा साहेबांचा. शिस्तभंगाबद्दल बदली. आमच्या खात्यात शिक्षेच्या बदलीला नियम एकच: माणूस असेल तिथून सगळ्यात लांब. आजवर लोक शिक्षा म्हणून चंद्रपूरला येत. चंद्रपूरहून शिक्षा म्हणून कुठं धाडायचं हा पेच मुख्यालयापुढे बहुधा पहिल्यांदाच आला. त्यांनी पट्टी लावून राज्याचं दुसरं टोक काढलं. सिंधुदुर्ग. तिथलं कार्यालय वेंगुर्ल्यापासून एसटीने एक तास. उपासनी मॅडमना हे ठाऊक होतं की नव्हतं, मला सांगता येणार नाही. साहेबांनी आदेश वाचला आणि शिक्षा झालेल्या माणसाला शोभेल असा चेहरा करायचा फार प्रयत्न केला.

त्यांच्या शेवटच्या दिवशी, दोन वाजता, आम्ही सवयीने आत गेलो तर साहेब आधीच तिथं होते. बूट दाराशी. आपल्या जागी आडवे, रुमाल डोळ्यांवर. चोरून नव्हे, सरळ सगळ्यांच्या आधी. आम्ही दारात घोटाळलो. शालूताई पदर सारखा करत म्हणाल्या, “आम्ही बाहेर बसू का, साहेब?”

“झोपा,” रुमालाखालून आवाज आला. “हा आदेश आहे. तोंडी.”

दिवा बंद झाला. आम्ही ओळीने पडलो, पण झोप कुणाला येईना. वांढरे बाबू हात आपल्या पोटावर घट्ट धरून होते. कुणी कूस बदलत नव्हतं. साहेब शेजारी जागे आहेत हे कळत असताना झोपायचं कसं, हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. हिरवे ठिपके लुकलुकत होते. नाडीने मोजलं असणार. ‘माणसे’ हा रकाना मी मुख्यालयाला जाणाऱ्या नोंदींतून काढला होता, मशीनमधून नाही.

आणि चौथा पंखा थांबला.

घुमारा पातळ झाला. त्या शांततेत आठ माणसांचे जागे श्वास स्वच्छ ऐकू आले. माझा सगळ्यात मोठा.

“पिदुरकर,” साहेब म्हणाले.

“साहेब?”

“तो पंखा बघा जरा. तुम्ही रोज डोळे उघडून पाहिलंत, माझी हरकत नव्हती. पण तो थांबला की मला जाग येते.”

ओळीत कुणीतरी हसलं. बहुतेक सेवकराम. मग वांढरे बाबू, आणि त्यांच्या हसण्याने सगळी सतरंजी हलली. रॅकच्या पलीकडून शालूताईंचं हसू आलं. मी अंधारात उठलो, चाचपडत कळफलकापाशी गेलो आणि तो नियम खोडला. पंखा कुरकुरला, फिरला, बाकीच्या तिघांत मिसळून गेला. मी परत येऊन पडेपर्यंत वांढरे बाबूंचा हात नेहमीच्या ठिकाणी पोचला होता.

विहीर काठोकाठ भरली. मी उतरता उतरता वर पाहिलं. आकाशाच्या तुकड्यात पडदा उजळला होता. तासाचं वाक्य आलं होतं.

‘पंखे चारही फिरतात. माणसे आठ. ताप थोडा आहे. काळजीचे कारण नाही.’